नव्या पुस्तकांचं कुलूपबंद कपाट : वाचनालयाचे आठ महिने

फेब्रुवारीत वर्षाची वर्गणी 250 आणि अनामत 500 रुपये भरून घराजवळच्या सार्वजनिक वाचनालयाची सभासद झाले. बडोद्यात राहून नवं मराठी पुस्तक पुण्याहून मागवायचं तर किमतीवर टपालखर्च चढतो, आणि नाही आवडलं तर ते घरात पडून राहतं. त्यामुळे दोन महिन्यांतच पैसे वसूल झाले. वेळा, पंखे, बसायची जागा, सगळं ठीक.

माझं भांडण नव्या पुस्तकांच्या कपाटाशी आहे. काचेचं, अगदी दारासमोर, आणि कायम कुलूपबंद. किल्ली मागितली की उत्तर ठरलेलं, "बेन, चावी साहेब पासे छे." मग मान वाकडी करून कण्यांवरची नावं वाचायची. कादंबऱ्यांची वाचता येतात. कवितासंग्रह इतके बारीक असतात की कण्यावर नाव मावतच नाही. आत पाच कवितासंग्रह आहेत हे मला जूनमध्ये, साफसफाईला कपाट उघडलं तेव्हा कळलं. पाचांच्याही मागची तारखेची चिठ्ठी कोरी होती.

याचा मला त्रास होतो, कारण हे बडोदं आहे. 1906 मध्ये सयाजीरावांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. शिकलेल्याला वाचायला मिळावं म्हणून 1910 मध्ये अमेरिकेहून ग्रंथालयतज्ज्ञ बॉर्डनसाहेबांना बोलावलं आणि पेट्या भरून पुस्तकं खेड्यापाड्यांत धाडली. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत तर खालच्या पुस्तकांपर्यंत उजेड उतरावा म्हणून मजल्यांना काचेच्या फरश्या बसवल्या.

व्याख्यानांबद्दल माझं मत वाईट होतं. शाल-श्रीफळ, लांबलचक परिचय, आणि लेखकाच्या वाट्याला उरलेली वीस मिनिटं. ते मत मी मागे घेते. गेल्या शनिवारी एक अनुवादक आले होते. गुजराती 'वहाल'ला मराठीत माया म्हणायचं, लाड की जिव्हाळा, यावर ते अर्धा तास बोलले. लग्नानंतरची सत्तावीस वर्षं मी दोन्ही भाषा बोलते, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. भाषण संपताच आम्ही वीसेक जण पुस्तक मागायला उठलो. पुस्तक होतं, कपाटात. साहेब रजेवर. काचेतून त्याचा हिरवा कणा दिसत होता आणि लोक एकेक करून चपला घालून निघून गेले.

त्याच संध्याकाळी मागणी नोंदवहीत पानभर लिहिलं, आणि मंगळवारी फोन आला: किल्ली आता काउंटरच्या खणात राहील. म्हणजे लिहिलेलं कोणीतरी वाचतं, हे इथे नोंदवायलाच हवं. कुलूप अजून आहेच. कवितासंग्रह तरी मुखपृष्ठ दिसेल असे उभे ठेवा, हे आज पुन्हा लिहून आले.

ते हिरवं पुस्तक काल मिळालं. चिठ्ठीवर पहिला शिक्का माझा. मुदत चौदा दिवसांची आहे, पण मी रविवारीच परत करणार. व्याख्यानाला शेजारी बसलेल्या आजोबांनी माझ्यामागे नंबर लावलाय.