पानार दीना झेड १ : काही महिने चालवल्यानंतर

माझ्या या जुन्या फ्रेंच गाडीच्या मागच्या मडगार्डजवळ रंगाला पुन्हा फुगे आलेत. नखाने खरवडलं तर खाली पांढरी भुकटी. इथे ल्योंजवळच्या ज्या गॅरेजला पत्र्याच्या कामाचे भरमसाट युरो मोजले, त्यांनी अ‍ॅल्युमिनियमवर साधे लोखंडी स्क्रू थेट पिळले होते. मध्ये नायलॉनचा वॉशर नाही, सीलंट नाही. दोन धातू एकमेकांना टेकलेले, त्यात पाणी आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात ते मीठ. अशा वेळी अ‍ॅल्युमिनियमच खाल्लं जातं. मालक म्हणतो, जुन्या गाडीचं असं होतंच. अहो, नाही होत! वॉशर काही सेंटला मिळतो.

ही गाडी घेणाऱ्यांनी पत्रा आधी तपासा. पानारने १९५३ मध्ये सहा माणसांची ही सेडान अ‍ॅल्युमिनियमची म्हणून आणली, पण पत्रे कापल्यावर उरणाऱ्या तुकड्यांचा खर्च हिशेबात नीट धरलाच नव्हता. मग १९५५ पासून बॉडी पोलादी होत गेली, दारं आणि बॉनेट मात्र आणखी काही काळ अ‍ॅल्युमिनियमचीच राहिली. त्यामुळे विकणारा दाराला चुंबक लावून दाखवत असेल तर त्यावर जाऊ नका. छपराला लावा, दाराखालच्या पट्टीला लावा. माझ्या गाडीच्या छपराला ते चिकटलं नाही, म्हणून मी सौदा केला. कागदांवर झेड १ आहे की झेड ११ (म्हणजे पोलादी बॉडीची), तेही बघून घ्या.

इंजिनाबद्दल माझं मत मात्र पार बदललं. सुरुवातीला त्याची खडखड ऐकून दुखणं मोठं आहे असं वाटायचं. पण हवेवर थंड होणारं, दोनच सिलिंडरचं, रोलर बेअरिंगचं इंजिन आहे ते, आवाज करणारच. आता तो आवाज बदलला तरच मी कान टवकारतो. जेमतेम ८५० सीसी, तरी गाडी हलकी असल्याने महामार्गावर मागे पडत नाही आणि पेट्रोलही बेताचंच पिते. हेड, म्हणजे सिलिंडरचं वरचं झाकण, सिलिंडरच्याच ओतकामात असल्यामुळे दोघांमधलं सील, म्हणजे हेड गॅस्केट, नावाचा खर्चच नाही! ऑइल बदलायला मात्र कंजूषी नको. क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, वेगवेगळे भाग दाबून जोडलेला आहे. बेअरिंग गेलं की तो सुटा करून पुन्हा जुळवावा लागतो, आणि ते काम करणारे कारागीर फार थोडे उरलेत.

बाकी गिअर सुरेख पडतात, हीटर बरा आहे.

पण मन पुन्हा त्या स्क्रूंवरच येतं. ते सगळे मी स्वतः काढले, भोकं घासून स्वच्छ केली, प्रत्येकाखाली नायलॉनचा वॉशर घातला. एका जागी पत्राच उरला नव्हता, तिथे टिग वेल्डिंग करून घ्यावं लागलं. सत्तर वर्षं टिकलेला पत्रा एका निष्काळजी कामाने सडावा, याचा फार राग येतो. गॅरेजला फोटोंसह लेखी तक्रार दिली आहे आणि वेल्डिंगचं बिलही सोबत जोडलं आहे. पैसे मिळाले, नाही मिळाले, काय होईल ते इथेच लिहीन.