बंद असताना जागा राहणारा डेस्कटॉप: डिचोलीच्या ऑफिसातले नऊ महिने

२०२५ च्या फेब्रुवारीत गोव्यातल्या आमच्या डिचोलीच्या ऑफिसात सहा नवे डेस्कटॉप आले. जीएसटी आणि इन्कम टॅक्सची रिटर्नं भरणं हा आमचा धंदा. जुनी मशिनं सहाव्या पिढीच्या प्रोसेसरची, तशी चालत होती. पण विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार होते, आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. वाट बघण्यात अर्थ नव्हता.

आता नोव्हेंबर चालू आहे. मार्चअखेर, यंदा मे महिन्यातच येऊन ठेपलेला पाऊस, चवथ (गणेश चतुर्थी) आणि सप्टेंबरपर्यंत लांबलेली रिटर्नं, एवढं या मशिनांनी पाहिलं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे तक्रारी आहेत, आणि या वर्गातल्या मोठ्या कंपन्यांच्या मशिनांची घडण बरीचशी एकसारखीच असते.

वेगाबद्दल थोडक्यात. टॅली, एक्सेल आणि ब्राउझरचे वीस टॅब यांना आजचा कुठलाही बरा पीसी पुरतो. १६ जीबी रॅम मात्र ८-८ च्या दोन पट्ट्यांत घ्या. ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच असल्यामुळे ते याच रॅमवर जगतं, आणि दोन चॅनल, म्हणजे रॅमकडे जायच्या दोन वाटा, मिळाल्या की त्याला श्वास घेता येतो. घरगुती पीसीपेक्षा मशिनामागे दहा-बारा हजार जास्त मोजले, ते मशिन बंद असताना किंवा आजारी असताना काय करतं याचे. म्हणून सगळा अनुभव त्याच बाजूने लिहितो.

पहिलं कोटेशन आलं तेव्हाच फसलो असतो. मॉडेल तेच, डबा तोच, पण आत आय-५ १३४००. हा प्रोसेसर चांगला आहे, फक्त त्यात व्हीप्रो, म्हणजे मशिन दुरून सांभाळायची सोय, नाही. १३५०० मध्ये आहे, आणि त्याला जोड म्हणून मदरबोर्डावर क्यू६७० चिपसेट हवा. दुकानदार म्हणाला, ‘सर, कोर तेवढे चार जास्त, बाकी सेम.’ बाकी सेम नव्हतं.

व्हीप्रो हे नाव इंटेलने २००६ मध्ये आणलं. चिपसेटमध्ये एक छोटा स्वतंत्र प्रोसेसर असतो, त्याला मॅनेजमेंट इंजिन म्हणतात. मुख्य प्रोसेसर निजलेला, विंडोज बंद, तरी भिंतीतून वीज मिळते आहे तोवर हा जागा असतो. नेटवर्कच्या तारेवरून आलेला निरोप तो स्वतःच वाचतो. त्याच्यावर चालणारी सोय म्हणजे एएमटी. रिमोट डेस्कटॉपची नेहमीची साधनं विंडोज उभी असेल तरच उपयोगाची. एएमटीमधून मी म्हापशाला घरी बसून डिचोलीतलं मशिन चालू करतो, बायॉसमध्ये (विंडोजच्या आधीच्या मूळ सेटिंगमध्ये) शिरतो, निळा पडदा आलाच तर तोही बघतो. अलीकडच्या मॅनेजमेंट इंजिनाच्या आत मिनिक्स चालतं. अँड्र्यू टॅनेनबॉम या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी लिहिलेली ही ऑपरेटिंग सिस्टिम. आमच्या टॅलीच्या तळघरात शाळामास्तर राहतो म्हणायचा!

पण यातलं काहीही डबा उघडल्या उघडल्या चालत नाही. बायॉसमध्ये ‘डीप स्लीप’ नावाची सेटिंग चालू होती. बंद मशिनाने वीज जवळजवळ खाऊच नये म्हणून ती असते, आणि तिच्यामुळे नेटवर्क कार्डही गाढ झोपतं. ती बंद केली. विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ही काढलं, कारण त्यात शटडाउन हे खरं शटडाउन नसतंच, अर्धवट हायबरनेशन असतं, आणि त्या अवस्थेत विंडोज नेटवर्क कार्डाला जागं राहायला सांगत नाही. मग मशिन चालू होताना कंट्रोल-पी दाबून एएमटीचा पडदा उघडला. तिथला मूळ पासवर्ड ‘ॲडमिन’. तो बदलल्याशिवाय पुढे जाता येत नाही, हे एक बरं. सहा मशिनांना दोन रविवार गेले.

एक इशारा. मे २०१७ मध्ये एएमटीतलं मोठं भोक जाहीर झालं होतं. पासवर्डाच्या जागी रिकामं उत्तर पाठवलं तरी दार उघडत होतं. ते केव्हाच बुजवलं गेलं आहे, पण जुनं मशिन सेकंडहँड घेत असाल तर आधी फर्मवेअर अपडेट करा. आणि एएमटीचे पोर्ट राउटरमधून थेट इंटरनेटवर कधीही उघडू नका. मी राउटरवर व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून ऑफिसात यायची खाजगी वाट, लावलं आहे. घरून आधी त्यात शिरायचं, मग मेशकमांडर या फुकट साधनातून मशिनाकडे.

एवढं करून पहिल्या रात्री घरून हाक मारली, तर सहाही मशिनं मेलेली.

दुसऱ्या दिवशी कळलं, ऑफिस बंद करताना मावशी भिंतीवरची सगळी बटणं बंद करून जातात. बारा वर्षांची सवय, आणि ती लावलीही मीच. बटण बंद म्हणजे स्टँडबायची वीज गेली, मॅनेजमेंट इंजिन गेलं, नेटवर्कवरून मशिन उठवायचं वेक-ऑन-लॅनही गेलं. मी बटणांच्या बोर्डावर कागद चिकटवला: ‘संगणकाची बटणे बंद करू नयेत.’ पंधरा दिवस छान गेले. एप्रिलच्या शेवटी पुन्हा एका संध्याकाळी सगळं थंड. विचारलं तर मावशी म्हणाल्या, ‘गडगडटालें, म्हणून बंद केलें.’ मी जरा वरच्या आवाजात बोललो. त्या गप्प राहिल्या, बटणं चालू राहिली.

मेच्या मध्यावर विजांचा कडकडाट झाला त्या रात्री एका मशिनाचा पॉवर सप्लाय उडाला.

पॉवर सप्लाय जळणं नवीन नाही. जुन्या डब्यांत म्हापशाच्या दुकानातून दीड हजाराचा नेहमीच्या एटीएक्स मापाचा सप्लाय आणायचा, चार स्क्रू, अर्धा तास, काम संपलं. इथे तसं जमत नाही. या मशिनांचा सप्लाय बारीक, लांबट आकाराचा आणि फक्त १२ व्होल्ट देणारा. ५ आणि ३.३ व्होल्ट बोर्ड स्वतः बनवतो. रचना हुशार आहे, वीज कमी वाया जाते, पण बोर्डाचं सॉकेटही कंपनीचं खास, बाजारातला कुठलाही सप्लाय बसत नाही. वॉरंटीत ‘पुढच्या कामकाजाच्या दिवशी जागेवर सेवा’ लिहिलेलं. फोनवरच्या मुलाने सीरियल नंबर घेतला, अगदी नम्रपणे बोलला, आणि माणूस आला चौथ्या दिवशी. डिचोली त्यांच्या यादीत ‘दूरचं ठिकाण’ निघालं. पणजीहून पाऊण तास!

त्या चार दिवसांत मी शहाणपणा केला. सहाही मशिनं एकसारखी, तेव्हा बिघडलेल्या मशिनातला एसएसडी (डिस्क) काढून दुसऱ्यात लावू. झाकण हाताने निघतं, स्क्रूड्रायव्हर लागत नाही, हे खरोखर सुंदर केलंय. एसएसडी बसवला, मशिन चालू केलं, आणि समोर निळा पडदा: बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की द्या. अठ्ठेचाळीस आकडे.

कारण साधं आहे, पण आधी माहीत हवं. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या मशिनांवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते, आणि किल्ली बोर्डावरच्या टीपीएम चिपमध्ये राहते. डिस्क दुसऱ्या बोर्डावर गेली की तिथला टीपीएम तिला ओळखत नाही. चोराने डिस्क नेली तर हेच हवं असतं. मालकाने नेली तर घाम फुटतो. आमच्या नशिबाने की त्या मशिनाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा झालेली होती. त्या खात्याचा पासवर्ड आठवायला मात्र दोन चहा लागले. आता सहाही किल्ल्या छापून कपाटात ठेवल्या आहेत. तुमच्याकडे असं मशिन असेल तर हे आजच करा. बायॉस अपडेटनंतरही हा पडदा येऊ शकतो, आणि अपडेट विंडोजमधून न विचारता येतात.

पावसाळ्यात आणखी एक प्रकार. जुलैत एका मशिनाच्या पडद्यावर काहीच येईना. पण पॉवर बटणाचा दिवा ठरावीक लयीत लुकलुकत होता. पुस्तिकेत ती लय शोधली: रॅम. झाकण काढलं, पट्टी काढली, सोनेरी दात खोडरबराने घासले, परत बसवली, चालू. आमच्याकडच्या दमट हवेत हे होणारच. साध्या पीसीवर हाच दोष शोधायला मी पूर्वी एकेक भाग काढून बघत बसायचो. या दिव्यासाठी मी माझ्याकडून पूर्ण गुण देतो. समोरच्या जाळीवर मात्र लाल धूळ लवकर साचते. महिन्यातून एकदा ब्रश फिरवावा लागतो. आणि झाकण उघडलं की पुढच्या वेळी मशिन ‘झाकण उघडलं होतं’ असं सांगत कळ दाबायची वाट बघत बसतं. ही पहारेगिरी बायॉसमधून बंद केली, नाहीतर घरून चालू केलेलं मशिन तिथेच अडकतं.

यूएसबीचीही एक गंमत. पेनड्राइव्हमधून व्हायरस नको म्हणून बायॉसमधून समोरचे पोर्ट बंद केले. सुरक्षेचा कोण अभिमान वाटला! दुसऱ्या दिवशी ११ तारीख, जीएसटीआर-१ या विक्रीच्या रिटर्नाचा शेवटचा दिवस, आणि आमच्या ऑफिसातल्या मुलीने डिजिटल सहीचं टोकन समोर खुपसलं. ‘सर, टोकन मेलं.’ टोकन जिवंत होतं. आता मागचा एक पोर्ट टोकनासाठी मोकळा, त्यावर लाल पट्टी.

हे सगळं सोसलं ते कशासाठी, तर चवथीसाठी. ऑगस्टच्या शेवटी मी सत्तरी तालुक्यात मूळ घरी होतो. गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधून झाली, आणि एका अशिलाचा फोन: बँकेला ताळेबंद आजच हवा. ऑफिसला कुलूप. फोनचा हॉटस्पॉट, व्हीपीएन, एएमटी, टॅलीचं मशिन चालू केलं. पडदा काळा! मॉनिटरचं बटण भिंतीवर बंद होतं, आणि मॉनिटर जोडलेला जाणवला नाही की एएमटीला दाखवायला चित्रच नसतं. विंडोज उभी होईपर्यंत आंधळेपणाने थांबलो, मग रिमोट डेस्कटॉपने आत शिरलो. ताळेबंद गेला. नंतर त्या मशिनाच्या एका डिस्प्लेपोर्टात मॉनिटर असल्याची बतावणी करणारा छोटा डमी प्लग लावला. किंमत काहीशे रुपये. हे कुठल्याही जाहिरातीत लिहिलेलं नसतं.

ऑक्टोबरमध्ये परतीचे ढग गडगडू लागले तेव्हा मीच बोर्डावरचा कागद काढला. आता रात्री फक्त टॅलीचं एक मशिन चालू बटणावर असतं. बाकी पाच भिंतीवरून बंद. गडगडायला लागलं तर मावशी त्या एकाचाही प्लग आणि नेटवर्कची तारही काढतात, मला न विचारता, आणि मी काही बोलत नाही. बटण रोज बंद राहिलं की बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी लवकर उतरते, कारण मग घड्याळ तिच्यावरच चालतं. जुन्या मशिनांत ती संपून तारीख मागे गेली की पोर्टल उघडायचं नाही. म्हणून पाच बॅटऱ्या आणून ड्रॉवरमध्ये टाकल्या आहेत.

म्हणजे व्हीप्रोचे पैसे सहाचे दिले, वापरतो एकाचं. पुढच्या वर्षी पुतण्याच्या ऑफिससाठी चार मशिनं घ्यायची आहेत. कोटेशनमध्ये एक १३५०० किंवा त्याच्यापुढचं, तीन साधी, आणि वेगळ्या ओळीत एक जादा पॉवर सप्लाय लिहून मागणार आहे.