मासा द्यायला नाही म्हणाले, म्हणून पाच स्टार

दीड वर्षापूर्वी कुर्ल्याच्या या ॲक्वेरियमच्या दुकानात मँडरिन (रंगीबेरंगी समुद्री मासा) घ्यायला गेलेलो, पैसे खिशात, आणि काकांनी दिलाच नाही. आधी टँक किती लिटरचा, किती महिने झाले, लाइव्ह रॉक (बारीक जीव राहतात ते समुद्री दगड) किती, सगळी चौकशी. म्हटलं 80 लिटर, 3 महिने. "उपाशी मारशील त्याला, क्लाउन मासा घेऊन जा."

राग आला खरं तर. पण त्याआधी दुसऱ्या एका दुकानातून (नाव नको) हाच मासा घेतलेला, 'काही पण खातो, फ्लेक्स (सुकं खाद्य) टाका' म्हणून दिला आणि पाच आठवड्यांत गेला, पोट पार खपाटीला. मला वाटलं आजार. काका म्हणाले आजार कसला, याला खवलेच नसतात, अंगावर जाड, घाण वासाचा चिकट थर असतो, त्यामुळे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग वगैरे याला सहसा होतच नाहीत, हा मरतो भुकेनं. फिलिपिन्स, इंडोनेशियाकडे उथळ लगूनमध्ये तुटक्या कोरलच्या ढिगात राहणारा मासा, जेमतेम 6-7 सेंटीमीटर, मांदेलीएवढा पण नाही, आणि दिवसभर काम एकच, पोटाखालच्या परांवर चालल्यासारखा सरकायचं आणि दगडावरचे कोपेपॉड (कणाएवढे जिवंत जीव) टिपायचे, एक टिपला, थोडं पुढे, परत एक. नव्या टँकमध्ये ते असणार किती! रात्री लाइट बंद करून टॉर्च मार म्हणाले, काचेवर बारीक पांढरे कण पळताना दिसले की ये.

दहा महिन्यांनी 250 लिटरचा मुरलेला टँक घेऊन (म्हणजे फोटो घेऊन) गेलो तेव्हा दिला. तो पण एकच, दोन नर ठेवले तर मारामारी. पाठीवरचा पहिला काटा लांब तो नर, हे हातात टॉर्च देऊन दाखवलं. आणि तो निळा रंग, बाकी बऱ्याच माशांचा निळा म्हणजे प्रकाशाची करामत, याच्या कातडीत खरंच निळं रंगद्रव्य आहे, फोटोत अर्धा पण येत नाही.

तक्रारी आहेत. भाव चढेच, रविवारी पाय ठेवायला जागा नाही, फोन तर उचलतच नाहीत.

आता आठ महिने झाले. पोट गोल आहे, संध्याकाळी लाइट मंद झाले की दगडामागून बाहेर येतो. फ्रोझन खाद्य टाकलं तर साहेब बघत पण नाहीत.