लो सोडियम मीठ: हार्ट फेल्युअर असेल तर डबा उघडण्याआधी

पाकिटावर हृदयाचं चित्र असतं आणि ज्यांना फक्त बीपी आहे, मूत्रपिंडं धड आहेत, अशा बहुतेकांसाठी हे मीठ खरंच चांगलं आहे. हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद कमी पडते त्या आजाराच्या, गोळ्या चालू असतील तर मात्र आम्ही ते घ्या असं म्हणणार नाही.

कारण पाकिटाच्या मागे, घटकांच्या बारीक यादीत आहे: पोटॅशियम क्लोराइड. त्याच्या १ ग्रॅममध्ये सुमारे ५२५ मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं मीठ दिवसाला ५ ग्रॅम खाल्लं तर साधारण ६५० मिलिग्रॅम पोटॅशियम जास्तीचं जातं. निव्वळ पोटॅशियम क्लोराइडचा ‘सोडियम फ्री’ प्रकार तेवढाच घेतला तर २,६००! म्हणून टक्केवारी छापलेलीच नसेल ते पाकीट परत ठेवा.

चव थोडी कडवट, धातूसारखी लागते आणि घोटाळा तिथेच होतो. अळणी वाटतं म्हणून हात सैल सुटतो. २५ टक्क्यांचं मीठ नेहमीपेक्षा एक तृतीयांश जास्त घातलं, की सोडियम साध्या मिठाइतकंच झालं. पोटॅशियम वर आणखी.

स्पायरोनोलॅक्टोन, एप्लेरेनोन, रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन, सॅक्युबिट्रिल-व्हालसार्टन ही औषधं पोटॅशियम शरीरातच धरून ठेवतात. त्यात मूत्रपिंडांना रक्त कमी पोचत असतं. रक्तातलं पोटॅशियम लिटरमागे साधारण ४ ते ५ मिलिमोल असावं, ५.५ च्या वर गेलं की स्पायरोनोलॅक्टोनचा डोस कमी करतात, ६ च्या वर गोळी थांबवतात. १९९९ च्या ‘राल्स’ चाचणीत गंभीर हार्ट फेल्युअरमधले मृत्यू ३० टक्क्यांनी कमी करणारी हीच गोळी. मिठापायी ती सोडावी लागणं फार वाईट. शिवाय पोटॅशियम वाढल्याचं बऱ्याचदा काहीच जाणवत नाही, थेट हृदयाचे ठोके बिघडतात.

चीनमधल्या २०२१ च्या मोठ्या चाचणीत अशाच मिठाने पक्षाघात कमी झाले, हे खरं. पण पोटॅशियम धरून ठेवणाऱ्या लघवीच्या गोळ्या घेणारे आणि गंभीर मूत्रपिंडविकाराचे लोक त्यात घेतलेच नव्हते.

‘मला तर फ्युरोसेमाइड ही लघवीची गोळी आहे, त्याने पोटॅशियम उतरतंच,’ असं कोणी म्हणेल. उतरतं. पण ते भरून काढायला मोजून दिलेलं औषध हवं. मिठाचा चमचा रोज सारखा पडत नाही. आणि मॅग्नेशियम कमी असेल तर कितीही पोटॅशियम दिलं तरी ते वर येत नाही, तेही तपासून घ्या.

हे मीठ आधीपासून घरात वापरात असेल तर डॉक्टरांना सांगून पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारी तपासणी) करून घ्या, बंद केल्यावर काही दिवसांनी पुन्हा. उलट्या-जुलाब, आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं, ट्रायमेथोप्रिम असलेलं अँटिबायोटिक यांच्या काळात जास्त जपा. रिपोर्टमध्ये अचानक ६ दिसलं तर नमुन्यातल्या रक्तपेशी फुटल्यानेही तसं येऊ शकतं. तरी त्याच दिवशी ईसीजी काढून रक्त पुन्हा तपासायचं, उद्यावर टाकायचं नाही.