ईएसपी३२-सी३ ‘सुपर मिनी’: बेदाण्याच्या शेडमधला एक हंगाम

ईएसपी३२-सी३ ही वायफाय असलेली छोटी कंट्रोलर चिप आणि ‘सुपर मिनी’ हा तिच्यावरचा लहानसा बोर्ड. त्याची माहिती शोधायला गेलं की सगळीकडे तेच आकडे दिसतात. रिस्क-फाइव्हचा एक कोअर, १६० मेगाहर्ट्झ, ४०० केबी रॅम, वायफाय आणि ब्लूटूथ ५. हंगामभर वापरल्यावर सांगतो, यातल्या एकाही आकड्यावाचून माझं काही अडलं नाही. अडलं ते अँटेनावर, रेग्युलेटरवर (बॅटरीचं व्होल्टेज चिपला लागेल तेवढं करून देणारा भाग) आणि एका तांबड्या दिव्यावर. चिप एस्प्रेसिफ कंपनीची आणि सगळीकडे सारखीच, पण तिच्याभोवतीचा बोर्ड कोण कसा बनवतो यावर सगळा खेळ आहे. ‘सुपर मिनी’ या नावाने तर ढीगभर बिनब्रँड बोर्ड विकले जातात आणि दोन दुकानांतून आणलेले दोन बोर्ड एकसारखे निघतीलच असं नाही.

काम साधं होतं. तासगावला मामांचं बेदाण्याचं शेड आहे. द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून जाळ्यांवर पसरायची, की पंधरा-वीस दिवसांत बेदाणा तयार. मधेच हवा दमट झाली तर माल काळा पडतो आणि भाव पडतो. म्हणून शेडच्या आत वेगवेगळ्या उंचीवर तापमान आणि आर्द्रता मोजायची. सेन्सर एसएचटी३१, बॅटरी १८६५० आकाराचा लिथियम सेल, दर दहा मिनिटांनी एक नोंद. आधी घरात पडलेला ३८ पिनांचा जुना ईएसपी३२ लावून पाहिला. तो ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता वायरी खोचायची पाटी) बसवला की बाजूला वायर खोचायला जागाच उरत नाही, आणि बॅटरीवर चालवायच्या तो लायकीचा नाही. का, ते पुढे येईलच.

आधी अँटेना. सुपर मिनीच्या टोकाला तांदळाएवढी सिरॅमिक अँटेना असते. नियमाप्रमाणे तिच्याभोवती तांबं नसलेली मोकळी जागा हवी. बोर्ड लहान करायच्या नादात काहींनी ती थेट क्रिस्टलला (चिपला ठोका देणारा भाग) चिकटवली आहे. माझ्याकडच्या एका बोर्डावर तसंच होतं, आणि तो टेबलावर, राउटरपासून हातभर अंतरावरही धड जोडला जात नव्हता. यावरचा उपाय ऐकायला उलटा वाटतो: ट्रान्समिट पॉवर कमी करायची. कोडमध्ये ती ८.५ डीबीएमवर आणली आणि तोच बोर्ड मुकाट जोडला गेला. घरात हे खपून जातं. शेडमध्ये नाही.

कारण शेड म्हणजे तारेच्या जाळ्यांचे एकावर एक थर. २.४ गिगाहर्ट्झची तरंगलांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर, जाळीची भोकं त्याच्या कितीतरी लहान, म्हणजे रेडिओला ती जवळजवळ पत्राच. वर ओली द्राक्षं. पाणी ही फ्रिक्वेन्सी चांगलीच शोषतं, त्यामुळे माल नवा पसरला की मधल्या थरातल्या बोर्डाचा सिग्नल ढासळायचा आणि माल वाळत जाईल तसा आपोआप सुधारायचा. आर्द्रतेचा आलेख आणि सिग्नलचा आलेख शेजारी ठेवले तर माल किती वाळलाय ते दोन्हीवरून दिसत होतं. शेवटी मधल्या थरासाठी सीड स्टुडिओचा झियाओ ईएसपी३२-सी३ घेतला. त्याला बाहेरची अँटेना वायरने जोडता येते. अँटेना जाळीच्या बाहेर खांबाला बांधली आणि प्रश्न मिटला. त्याच्या मागे बॅटरीचे पॅड आणि चार्जिंगची चिपही आहे, जी सुपर मिनीवर सहसा नसते. किंमत जास्त आहे, पण पैसे वसूल.

आता बॅटरी. डेटाशीटमध्ये सी३चा डीप स्लीपचा, म्हणजे दोन नोंदींच्या मधल्या गाढ झोपेतला, करंट ५ मायक्रोअँपिअर लिहिलाय, आणि तो खरा आहे, पण नुसत्या चिपचा. मोठ्या ईएसपी३२ बोर्डांवर बहुधा एएमएस१११७ रेग्युलेटर असतो. तो काही न करता ५ मिलिअँपिअरच्या आसपास खातो, म्हणजे दिवसाला १२० मिलिअँपिअर-अवर. अडीच हजार मिलिअँपिअर-अवरची बॅटरी तीन आठवड्यांत आडवी. शिवाय त्याला आउटपुटपेक्षा एक व्होल्टहून जास्त वर इनपुट लागतो, म्हणजे ३.७ व्होल्टच्या सेलवर तो ३.३ धड देऊच शकत नाही. सुपर मिनीवरचा रेग्युलेटर त्यामानाने काटकसरी असतो, पण शेजारी पॉवरचा तांबडा एलईडी कायम जळत असतो. मीटर लावून पाहा: डीप स्लीपमध्ये जो करंट दिसतो तो जवळजवळ सगळा त्या दिव्याचा. एक मिलिअँपिअर धरला तरी दिवसाला २४ मिलिअँपिअर-अवर जातात.

म्हणून बॅटरीवरच्या प्रत्येक बोर्डाचा तो एलईडी मी सोल्डरिंग आयर्नच्या टोकाने उचलून टाकला. मामांना हे पटलं नाही. सकाळी फोन, “अरं, दिवा लागंना तुझा. बंद पडलंय काय ते?” बंद नाही, झोपलंय, हे सांगून समाधान होईना. मग प्रत्येक नोंद पाठवताना बोर्डावरचा निळा एलईडी एकदा लुकलुकेल एवढं कोडमध्ये घातलं, तेव्हा कुठे त्यांचा विश्वास बसला.

रेडिओ चालू होताना करंट क्षणभर ३०० मिलिअँपिअरच्या वर जातो. बॅटरी उतरलेली आणि वायर बारीक असेल तर तेवढ्यात व्होल्टेज बसतं आणि बोर्ड रीसेट होतो. ३.३ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यामध्ये, बोर्डाच्या अगदी जवळ, ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका. आणि एक जपायचं: सेल ५ व्होल्टच्या पिनवर जोडलेला असताना यूएसबी लावू नका. पुष्कळ बोर्डांवर मधे डायोड नसतो, आणि यूएसबीचे ५ व्होल्ट थेट लिथियम सेलवर जातात.

यूएसबी चिपमध्येच आहे, सीएच३४० किंवा सीपी२१०२ अशी वेगळी यूएसबी चिप लागत नाही, ड्रायव्हरची कटकट संपली. पण बोर्ड डीप स्लीपमध्ये गेला की कॉम्प्युटरवरून पोर्टच गायब होतो. नवा कोड चढवायचा तर बूटचं बटण दाबून धरून रीसेट करावं लागतं. सीरियल मॉनिटर (बोर्डाचे संदेश दाखवणारी खिडकी) कोरा दिसत असेल तर आर्डुइनो या कोड चढवायच्या सॉफ्टवेअरमधलं ‘यूएसबी सीडीसी ऑन बूट’ आधी चालू करा, अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

पिना मोजून १३ आहेत, त्यातल्या २, ८ आणि ९ या चालू होतानाचा मोड ठरवतात. निळा एलईडी ८ वर, बूटचं बटण ९ वर, आणि आर्डुइनोच्या साध्या सी३ बोर्डाच्या सेटिंगमध्ये आय-टू-सी (सेन्सर वाचायच्या दोन वायरी) मुळात याच दोघांवर. सेन्सर वाचताना एलईडी उगाच फडफडतो तो यामुळे. मी आय-टू-सी ६ आणि ७ वर नेलं. ० ते ४ बॅटरीचं व्होल्टेज मोजायला ठेवा. तिथे अडीच व्होल्टपर्यंतच मोजता येतं, म्हणून दोन सारखे २२० किलोओहमचे रेझिस्टर लावून निम्मं करून घ्या. डीप स्लीपमधून पिनने उठवायचं असेल तर ० ते ५ याच चालतात, हे पीसीबी बनवायला टाकण्याआधी पाहून घ्या.

नोंदी मी वायफायने नाही, ईएसपी-नाऊने (राउटरशिवाय बोर्डाने बोर्डाला थेट पाठवायची पद्धत) पाठवतो. राउटरशी जोडणं, आयपी घेणं यात जाणारे सेकंद वाचतात. उठला, २५० बाइटांच्या आतलं एक पाकीट फेकलं, झोपला. शेडच्या दारात चार्जरवर चालणारा दुसरा सी३ ते घेतो आणि वायफायने पुढे पाठवतो. इथे एक मेख आहे. घेणारा बोर्ड राउटरच्या चॅनेलवर असतो, आणि राउटर ‘ऑटो’वर असला की वीज जाऊन आली की चॅनेल बदलू शकतो. मग पाठवणारे बोलत राहतात आणि ऐकणारा भलतीकडे. तासगावात वीज जाणं हे काही विशेष नाही. राउटरचा चॅनेल ६ वर खिळवून टाकला.

बाकी किरकोळ. झोपेतलं घड्याळ चिपमधल्या आरसी ऑसिलेटरवर चालतं, ते तापमानाबरोबर सरकतं. दुपारच्या आणि पहाटेच्या नोंदींतलं अंतर थोडं वेगळं पडतं, म्हणून वेळेचा शिक्का घेणाऱ्या बोर्डानेच मारावा. टच पिना आणि जुनं क्लासिक ब्लूटूथ सी३वर नाही. ४ एमबी फ्लॅश पुरते, पण वायफाय, ब्लूटूथ आणि ओटीए (वायर न लावता नवा कोड चढवणं) तिन्ही हवं असेल तर आर्डुइनोची नेहमीची पार्टिशन, म्हणजे फ्लॅशची वाटणी, अपुरी पडते. सेल शेडमध्ये चार्ज करू नका. लिथियमला चार्जिंगच्या वेळी ४५ अंशांच्या वर चालत नाही आणि पत्र्याखाली एप्रिलमध्ये तेवढं सहज होतं. गंधकाची धुरी द्यायची असेल तेव्हा बोर्ड सरळ बाहेर काढून ठेवावेत.

पुढच्या वेळी सी६ घ्या, असं बरेच जण सुचवतात. त्यात वायफाय ६ आणि झिगबी आहे, हे खरं. पण तोही २.४ गिगाहर्ट्झचाच, म्हणजे जाळीपुढे त्याचीही तीच गत. मी आणखी झियाओ आणि लांब वायरच्या अँटेना मागवल्यात. सुपर मिनी दारातल्या कामाला आणि घरच्या टाकीला.