बॉग रोझमेरी, लॅब्रॅडॉर टी की लेदरलीफ?

ही तिन्ही सदाहरित झुडपं एरिकेसी कुळातली आणि थंड, आम्लधर्मी दलदलीतली. फुलं बघून निवडू नका. आधी जागा पाहा.

कुंडी किंवा वाफ्याची कड असेल तर बॉग रोझमेरी. उंची ३० ते ५० सेंमी, अरुंद निळसर पानं, वसंतात फिकट गुलाबी, घटासारखी फुलं. ‘कॉम्पॅक्टा’ हा वाण आणखी आटोपशीर राहतो. लॅब्रॅडॉर टी मीटरभर वाढते, फांद्यांच्या टोकांना पांढरे गुच्छ येतात आणि पान चुरगाळलं की सुवास सुटतो. लेदरलीफ या तिघांत सर्वांत लवकर फुलतं, पण जमिनीखालच्या खोडांनी पसरत जातं. तळ्याचा काठ बांधून ठेवायला उत्तम. छोट्या वाफ्यात मात्र ते शेजाऱ्यांना जगू देत नाही. हिवाळ्यात त्याची पानं तपकिरी पडतात. झाड मेलं समजून उपटू नका.

लागवड बहुधा फसते ती पाण्यामुळे. दलदलीतलं झाड म्हणून कुंडी काठोकाठ भरून ठेवली की मुळं कुजतात, कारण निसर्गात ही झुडपं शेवाळाच्या उंचवट्यांवर, पाण्याच्या पातळीच्या वर उभी असतात. दोन भाग पीट (दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या शेवाळाची माती) आणि एक भाग चुनारहित जाड वाळू घ्या, सामू (pH) ४ ते ५ ठेवा. पाणी मातीच्या पृष्ठभागापासून १० ते १५ सेंमी खाली असू द्या. लेदरलीफ याहून जास्त ओल सोसतं.

पाणी पावसाचंच घाला. जड पाण्यातल्या चुन्याने सामू चढतो, मुळांना लोह घेता येत नाही, शिरा हिरव्या राहून पान पिवळं पडतं. अशा वेळी खत वाढवणं चूक. आधी पाणी बदला. लाकडाची राख तर कधीच नको. मुळं वरवर असतात, म्हणून खुरपणी टाळून पाइनच्या सुयांचं आच्छादन द्या.

उन्हाळा कडक आणि हिवाळा सौम्य असेल तर तिन्हींचा नाद सोडा. मुळं तापली की ती तग धरत नाहीत.

घरात लहान मुलं किंवा गुरं असतील तर बॉग रोझमेरी लावूच नये. तिच्यातलं ग्रेयानोटॉक्सिन हे विष रक्तदाब आणि हृदयाचे ठोके मंदावतं. चहासाठी लॅब्रॅडॉर टी खुडताना चुकून बॉग रोझमेरीची पानं येऊ शकतात, तेव्हा प्रत्येक पान उलटून पाहा: खाली दाट तांबूस लव असेल तर लॅब्रॅडॉर टी, पांढुरकं आणि गुळगुळीत असेल तर बॉग रोझमेरी. कोवळ्या पानांवरची लव फिकट असते, त्यामुळे ओळख जुन्या पानांवरूनच करा. लॅब्रॅडॉर टीसुद्धा जास्त प्रमाणात विषारीच.

छाटणी तिन्हींची फुलोरा ओसरताच करा. पुढच्या वसंताच्या कळ्या शरदातच धरलेल्या असतात.