जुने फोटो स्कॅन करून देणारी सर्व्हिस: स्कॅनला पाच स्टार, रिस्टोरेशनला एकही नाही

माझ्याकडे दुसऱ्या महायुद्धातल्या इटालियन क्रूझर्सचे, म्हणजे युद्धनौकांचे, 23 फोटो आहेत, पोस्टकार्ड साईझचे, गेल्या सहा-सात वर्षांत इटलीतल्या विक्रेत्यांकडून एक-एक दोन-दोन करत मागवलेले. त्यातले 14 मी मागच्या महिन्यात एका स्टुडिओकडे स्कॅनिंगला दिले आणि त्यांच्याच सांगण्यावरून सगळ्यांवर रिस्टोरेशनही करून घेतलं. स्टुडिओचं नाव देत नाही कारण माणसं चांगली आहेत आणि जे झालं ते हल्ली सगळीकडेच होतंय, पण असे फोटो ज्यांच्याकडे आहेत त्यांनी हे वाचावं.

आधी स्कॅनबद्दल. एकदम मस्त. मी 1200 डीपीआय (एका इंचात 1200 पिक्सेल) आणि टिफ फाईल मागितली होती, तशीच मिळाली, आणि न सांगता मागची बाजूही स्कॅन करून दिली, हे तर फारच आवडलं, कारण कुणीतरी पेन्सिलीने लिहिलेलं नाव, फोटोवाल्याचा शिक्का, पेपरच्या कंपनीची छपाई, सगळं मागेच असतं. 1200 च का, तर झारा वर्गाचं (झारा आणि तिच्याच आराखड्यावर बांधलेली जहाजं) जहाज साधारण 182 मीटर लांब, आणि आडव्या पोस्टकार्डात ते 11 सेंटिमीटरचं दिसतं, म्हणजे डेकवर उभा असलेला खलाशी जेमतेम एक मिलिमीटर. 1200 ला त्या एका मिलिमीटरमध्ये सत्तेचाळीस पिक्सेल मिळतात, 600 ला निम्मेच. एका फोटोच्या मागे पेन्सिलीने एउजेनियो दी साव्होइया हे क्रूझरचं नाव लिहिलं होतं आणि मीही ते तीन वर्षं खरं मानून चाललो होतो. स्कॅन मोठा करून बघितला तर पुढच्या खालच्या टरेटमधून (तोफांच्या फिरत्या बुरुजातून) तीन नळ्या बाहेर आलेल्या, वरच्यातून दोन! इटलीच्या 152 मिलिमीटर तोफांवाल्या क्रूझर्समध्ये हे फक्त अब्रुत्सी वर्गात, म्हणजे दूका देल्यी अब्रुत्सी आणि गारिबाल्दी या दोघांवरच. त्यांना दहा तोफा, आधीच्या चारही गटांना आठ, चार टरेटमध्ये दोन-दोन. मग धुराडी बघितली, तीही जवळजवळ, एउजेनियोसारखी लांब-लांब नाहीत. तीन वर्षांची चूक पाच मिनिटांत निघाली, त्यासाठी स्टुडिओचे मनापासून आभार.

आता रिस्टोरेशन. इथे मात्र जीव कळवळला.

संग्रहातला माझा सगळ्यात लाडका फोटो पोलाचा आहे. मागे झारा लिहिलंय, पण ती पोला आहे हे मी भिंगाने बघून आधीच ठरवलं होतं. झारा, फ्यूमे, गोरित्सिया आणि पोला या चार बहिणी, सगळ्यांवर 203 मिलिमीटरच्या आठ तोफा, दोन धुराडी, लांबून बघितलं तर चौघी सारख्याच. पण पोला अॅडमिरलचं जहाज म्हणून बांधली होती, त्यामुळे तिचा ब्रिज, म्हणजे जिथून जहाज चालवतात तो मनोरा, मागे वाढवून पुढच्या धुराड्याला जोडलेला आहे. बाकी तिघींमध्ये ब्रिज आणि धुराडं यांच्यामध्ये मोकळी जागा आहे, त्यातून आकाश दिसतं. पोलात तिथे लोखंडच. फोटोत ती जागा तांदळाच्या दाण्याएवढी आहे, करड्या रंगाची, जरा धूसर. रिस्टोरेशन केलेल्या फाईलमध्ये तिथे आकाश आलंय. स्वच्छ, पांढरट, कडा धारदार. सॉफ्टवेअरला वाटलं असणार की धुराडं म्हणजे सुटं उभं असतं, त्याने फट कापून दिली, आणि माझी पोला एका क्लिकमध्ये झारा झाली. मागच्या पेन्सिलीशी आता ती जुळतेही, म्हणजे पुढे कुणाला ही फाईल मिळाली तर त्याला शंका यायचंही कारण उरलं नाही.

आणि तेवढ्यावर थांबलं नाही. ब्रिज आणि धुराडं जोडलेलं असलेली आठ-इंची, म्हणजे त्याच 203 मिलिमीटरच्या, तोफांची आणखी एक क्रूझर आहे, बोल्झानो, म्हणून खात्री करायला पुढचा डेक बघावा लागतो. पोलाचं विमान उडवायचं कॅटपल्ट नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, असतं, बोल्झानोचं दोन धुराड्यांच्या मध्ये. माझ्या फोटोत नाळेवर कॅटपल्टची रेघ दिसते, आणि तिच्या आजूबाजूला तिरके पट्टे, एक गडद एक पांढरा. हे लाल-पांढरे पट्टे जुलै 1940 मधल्या पुंता स्तीलोच्या लढाईनंतर आले, कारण त्या दिवशी इटलीच्याच विमानांनी इटलीच्याच जहाजांवर बॉम्ब टाकले होते आणि वरून आपलं जहाज ओळखू यावं म्हणून डेक रंगवायला घेतले. काही फिल्म्सवर लाल रंग जवळजवळ काळा येतो म्हणून ते पट्टे ओरखड्यासारखे वाटतात, हे मान्य. पण त्यांनी ते ओरखडे समजूनच पुसले! पट्टे गेले, त्यांच्याबरोबर कॅटपल्टची रेघ गेली, नाळ पाटासारखी गुळगुळीत. त्या पट्ट्यांवरूनच तर तारीख निघत होती. पोला 29 मार्च 1941 च्या पहाटे ग्रीसजवळ माटापानच्या लढाईत बुडाली, म्हणजे पट्टे असलेला पोलाचा फोटो जुलै 1940 ते मार्च 1941 या नऊ महिन्यांतलाच असू शकतो. त्याच रात्री झारा आणि फ्यूमेही गेल्या, टॉर्पेडो लागून थांबलेल्या पोलाला मदत करायला परत फिरल्या होत्या आणि अंधारात ब्रिटिश बॅटलशिप्सच्या समोर आल्या. सगळी मिळून सुमारे 2,300 माणसं गेली. माझ्या फोटोत कठड्याला टेकून सात जण उभे आहेत, त्यातल्या एकाने हात डोळ्यांवर धरलाय, उन्हासाठी. नव्या फाईलमध्ये सहाच आहेत. हात धरलेला गायब, कठडा नीट दुरुस्त केलाय.

तिसरा फोटो मुत्सियो आत्तेंदोलो या क्रूझरचा. 13 ऑगस्ट 1942 ला ब्रिटिश पाणबुडी अनब्रोकनने तिला टॉर्पेडो मारला तेव्हा नाळ तुटली, आणि फोटोत तेच आहे, पुढे जहाजच नाही. रिस्टोरेशनमध्ये नाळ पूर्ण करून मिळाली. फोन केला तर समोरचा मुलगा अगदी सौम्यपणे म्हणाला, ‘काका, तो कोपरा खराब झाला होता ना, म्हणून भरला.’ त्याला मी पाच मिनिटं सगळं सांगितलं, त्याने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी मालकांनी रिस्टोरेशनचे पैसे परत केले, वाद न घालता. हेही लिहायलाच हवं.

बाकी पॅकिंग चांगलं, प्रत्येक फोटो वेगळ्या पाकिटात, वेळ दहा दिवस सांगितला आणि बारा लागले, चालतंय की. प्रत्येक फोटोला स्कॅनचे 60 रुपये जास्त नाहीत.

कुणी देणार असाल तर फॉर्मवर ‘ऑटो एन्हान्स’, ‘डस्ट रिमूव्हल’ आणि ‘शार्पन’ या तिन्ही खुणा स्वतः काढा, त्या आधीपासून लावलेल्या असतात. धूळ राहू द्या, ओरखडे राहू द्या, पिवळेपणा राहू द्या, घरी कॉन्ट्रास्ट थोडा वाढवून बघायचा असेल तर कॉपीवर बघा. आणि मूळ फोटो शेजारी ठेवून भिंगाने एकदा तरी ताडून घ्या, मी ते आधीच्या संध्याकाळी केलं होतं म्हणून तो सातवा माणूस मला आठवत होता. उरलेले 9 पुढच्या सोमवारी त्यांच्याकडेच देतोय, फक्त स्कॅन, दोन्ही बाजू.